टेकलं का?

आमचं काचेचं दुकान आहे आणि त्या दुकानात नवराबायकोचं बोलणं तीन शब्दांत उरकतं. "धर", "टेकलं का?" आणि "टेकलं". बाकीचं सगळं मी एकटी बोलते. ह्यांच्या तोंडून चौथा शब्द काढायचा म्हणजे, बाई गं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

त्या तीन शब्दांचं आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. काचेचा मोठा तक्ता एकट्याला हलवता येत नाही. भिंतीला उभा केलेला तक्ता टेबलावर आणायचा असला की हे म्हणणार, "धर." एक टोक ह्यांच्याकडे, एक माझ्याकडे. मग दोघांनी खेकड्यासारखं आडवं आडवं चालत यायचं. तक्ता टेबलावर ठेवताना माझ्याकडची कड नीट बसली की नाही हे ह्यांना पलीकडून दिसत नाही, म्हणून विचारणार, "टेकलं का?" मी म्हणायचं, "टेकलं." मगच दोघांनी हात काढायचे. उत्तर आल्याशिवाय सोडायचं नाही, मग बाहेर जग का बुडेना. हा नियम माझ्या सासऱ्यांचा. ते तर बोलण्यात ह्यांच्याहून चिकट होते. वारसा म्हणून आम्हाला एक भलंमोठं लाकडी टेबल मिळालं आणि हे तीन शब्द.

तक्ता टेबलावर आला की पुढचं काम एकट्या ह्यांचं. पट्टी लावायची, काच कापायचा हिरा रॉकेलमध्ये बुडवायचा आणि एक रेघ ओढायची. एकच. काचेवर हिरा दुसऱ्यांदा त्याच रेघेवरून नेला की संपलं, काच मग स्वतःच्या मनाने कुठेही फुटते. ह्यांनी रेघ ओढली की नवं कापड फाडल्यासारखा एक लांब आवाज यायचा. मग कडेला धरून जरासं दाबलं की टक. दोन तुकडे, सरळसोट. गिऱ्हाईकं बघत उभी राहायची. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने एकदा विचारलं होतं, "हात चुकत नाही का हो कधी?" तर ह्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत कानावर ठेवली आणि आत निघून गेले. एवढंच उत्तर.

ह्यांच्या शर्टाच्या खिशात एक चिमटा असतो. लग्नातसुद्धा होता, फोटोत दिसतो. काचेचं काम म्हटलं की बोटात कण जाणारच, आणि अंगात काही टोचलं की ते तिथल्या तिथे काढायचं, हा ह्यांचा धर्म. हातातला घास खाली ठेवून काढतील. स्वतःचं तर काढतातच, पण गल्लीत कुणाच्या पायात काटा जावो, बोटात लाकडाचं कुसळ जावो, सगळे आमच्या पायरीवर. हे चष्मा कपाळावर चढवून, एक शब्द न बोलता, अल्लद काढून हातावर ठेवणार. तो चिमटा लक्षात ठेवा. पुढे त्याने आमची अब्रू काढली.

तर गेल्या वर्षी एका कपड्यांच्या दुकानाच्या दर्शनी खिडकीची काच आली होती. जाड, माझ्याहून उंच. "धर" म्हणाले, मी धरली. आम्ही निघालो आडवे. त्या काचेच्या कडेला, बांधून आलेल्या कागदाखाली, तडा गेलेला होता. आम्हाला दोघांनाही दिसला नाही, दिसण्यासारखा नव्हताच. अर्ध्या वाटेत ती मधोमध फुटली आणि माझ्याकडचा अर्धा भाग खाली आला. मी मागे उडी मारली. कशी मारली ते देव जाणे, माझ्या वजनाच्या बाईने उडी मारणं हाच एक चमत्कार. जिथे माझी पावलं होती तिथे काचेचा ढीग. मला ओरखडासुद्धा नाही.

आणि हे? हे तसेच उभे. स्वतःकडचा अर्धा तुकडा दोन्ही हातांनी धरून, समोर बघत. म्हणत होते, "टेकलं का? टेकलं का?"

माझी जीभ टाळूला चिकटलेली. मी काही बोललेच नाही. शेजारचा इस्त्रीवाला धावत आला, त्याने ह्यांच्या हातातून तो तुकडा हळूच काढून घेतला. मी झाडू आणला. चहा झाला. संध्याकाळी मी ह्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या वन्संना, माझ्या उडीची गंमत सांगून पोट धरून हसवलं. हे कोपऱ्यात बसून चिमट्याने कोपरातला कण काढत होते. जिवावरचं बोटावर निभावलं म्हणून मी देवाला हात जोडले आणि विषय संपवला.

माझ्यापुरता संपला.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी हातमोजे चढवले तर हे म्हणाले, "तू लांब हो."

मला वाटलं, काळजी वाटतेय, वाटू दे. पण तेच पुढे रोजचं झालं. मी काउंटरच्या पलीकडे बसायचं, टेबलाकडे फिरकायचंसुद्धा नाही. मोठे तक्ते एकट्याला हलेनात, म्हणून मोठी कामं परत जायला लागली. उरल्या फोटोच्या चौकटीच्या काचा, त्या हे मागच्या फळीवर कापायचे. आणि एक दिवस मी चौकटीला खिळे मारत असताना मला तो आवाज आला. कापड फाडल्यासारखी एक रेघ. आणि लगेच त्यावरून दुसरी.

मी मान वर केली. काच तिरकी फुटली होती. ह्यांनी दुसरी घेतली. परत दोन रेघा. परत वाकडी. इतक्या वर्षांत ह्यांनी कधी दुसरी रेघ मारली नव्हती. मारायची गरज पडली नव्हती म्हणा, किंवा पहिलीवर विश्वास होता म्हणा. आता तो उडाला होता.

मग सगळ्यातच दुसरी रेघ सुरू झाली. कुलूप लावायचं, चार पावलं चालायचं, परत येऊन ओढून बघायचं. मी पलीकडच्या गल्लीत भाजी आणायला गेले तरी फोन, "पोचलीस?" मी म्हणायची, "अहो, मी काय समुद्र ओलांडायला निघालेय?" रागवायचीच मी, खोटं कशाला बोलू. ह्यांचे कान लाल झालेले, खांदे कानापर्यंत चढलेले, घाम. आणि एका दुपारी हे कागदाच्या गठ्ठ्यावर बसले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मला काहीतरी होतंय."

इस्त्रीवाल्याने गाडी आणली, वन्संना घेऊन आम्ही दवाखाना गाठला. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. म्हणाले, "हृदय अगदी ठणठणीत आहे."

मी म्हटलं, "मग काय होतंय ह्यांना? नाटक करतायत का?"

"नाटक नाही. त्रास खराच आहे. ह्याला अँग्झायटी म्हणतात. मनाने धोक्याची घंटा वाजवायला घेतली आहे आणि ती बंद होत नाहीये."

वन्संनी ते नाव घरी जाईपर्यंत 'अंगझटी' करून टाकलं. आम्ही पण तेच म्हणायला लागलो. शब्द चुकला, पण अर्थ बरोबर बसला, अंगाशीच झटत होती मेली.

गोळ्या सुरू झाल्या. शिवाय दर आठवड्याला एका ताईंकडे बसून बोलायचं. ह्यांना बोलायचं औषध! मी तर डॉक्टरांसमोरच हसले. ह्यांनी सुरुवातीला तिथे बसून त्या ताईंना काचेचे प्रकार सांगितले म्हणे. साधी, दाणेदार, दुधी. पण जात राहिले, आणि हळूहळू फरक पडला, नाही म्हणणार नाही. जेवण सुधारलं. झोप लागायला लागली. छातीवर हात ठेवून बसणं थांबलं.

एक मात्र हललं नाही. दोन रेघा तशाच. "लांब हो" तसंच. आणि खांदे तसेच वर. मोठं टेबल रिकामं पडलं होतं, मी त्यावर रोज फडकं मारत होते. एक दिवस समोरचा सुतार आला आणि म्हणाला, "तुम्ही वापरत नसाल तर मला द्या, माझ्या कामाचं आहे." मला वाटलं हे त्याला हाकलून देतील. हे म्हणाले, "ने. महिनाअखेरीस ने."

मी त्या दिवशी जेवले नाही. टेबल गेलं की हे परत कधी मोठी काच कापणार नाहीत, एवढं मला कळत होतं. दुकान चालेल हो, चौकटी विकून चालेल. पण हे गृहस्थ काउंटरवर बसून खिळे मोजणार आणि मी आयुष्यभर लांब उभी राहणार. त्यापेक्षा ती काच माझ्या पायावर पडली असती तर निदान पाय बरा झाला असता, असंसुद्धा मनात येऊन गेलं. राग आला की मला काय वाटेल ते वाटतं.

सुयांचं खूळ वन्संनी आणलं. त्यांच्या ओळखीतल्या एका बाईला अॅक्युपंक्चरने बरं वाटलं होतं. "बारक्याला घेऊन जाऊ या," म्हणाल्या. बारक्या म्हणजे हे, केस पांढरे झाले तरी. "बारीक बारीक सुया टोचतात, मन शांत होतं. काट्याने काटा निघतो, ऐकलं नाहीस का?"

मी म्हटलं, "वन्सं, ह्या माणसाने जन्मभर अंगात टोचलेलं काढलंय. आता मुद्दाम टोचून घ्यायचं?"

पण डॉक्टरांना विचारलं. मला वाटलं ते उडवून लावतील. ते म्हणाले, "काही लोकांना मदत होते, सगळ्यांना होतेच असं नाही. जादू समजू नका. गोळ्या आणि बोलणं चालू ठेवायचं, बंद करायचं नाही. त्याच्या जोडीला करून बघायला माझी हरकत नाही. मात्र रीतसर शिकलेल्या माणसाकडे जा आणि सुई नवी कोरी, एकदाच वापरायची, हे बघून घ्या."

पहिल्या खेपेला दुकान सोडून मला जाता आलं नाही, वन्सं घेऊन गेल्या. त्या परत आल्या त्या रिक्षातून उतरतानाच हसत होत्या आणि हे रागाने लालबुंद होऊन सरळ घरात.

झालं असं. सुया टोचणाऱ्या बाई, आम्ही त्यांना सुईबाईच म्हणतो, आधी नर्स होत्या. पोक्त, कमी बोलणाऱ्या, शिस्तीच्या. त्यांनी ह्यांना खाटेवर झोपवलं, कशाबशा सुया टोचल्या. मनगटात, पायावर, कानात, एक भुवयांच्या मधोमध. म्हणाल्या, "आता शांत पडून राहा, मी येते." आणि पलीकडच्या पेशंटकडे गेल्या. थोड्या वेळाने येऊन बघतात तर हे खाटेवर उठून बसलेले, चष्मा कपाळावर, हातात चिमटा. सगळ्या सुया काढून कागदावर ओळीने मांडलेल्या, लहानमोठ्या लावून.

आणि सुईबाईंना म्हणतात, "एवढ्या निघाल्या. कानातली दिसत नाही, तेवढी बघा."

सुईबाईंनी आधी त्या सुया मोजल्या. मग त्यांना जे हसू फुटलं ते त्या स्टूलावर बसूनच राहिल्या. बाहेर वन्संना वाटलं, आत काय नाच चाललाय का!

हसू नका, ह्यांच्या जागी तुम्ही काय केलं असतं? अंगात टोचलेलं काढायचं, हा हाताचा गुण. डोक्याला विचारायच्या आधी हात खिशात गेला. पण ह्यांना फार लागलं ते. "मी परत जाणार नाही," म्हणाले. चौथा शब्द सोडा, अख्खं वाक्य!

मी म्हटलं, "जाणार. आणि मी येणार. आणि चिमटा माझ्या पर्समध्ये राहणार."

दुकान बंद ठेवलं आणि गेले. सुईबाईंची खोली लहानशी. एक उंच खाट, त्यावर कागदी चादर, कोपऱ्यात खुर्ची, भिंतीला मोठी खिडकी आणि त्या खिडकीच्या काचेला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा, वरून खाकी चिकटपट्टी लावलेली. ह्यांची नजर आत शिरल्या शिरल्या तिथे गेली. माझीपण. धंद्याची खोड.

"फोन बंद," सुईबाई म्हणाल्या. "तुमचापण, बाई."

मी गुपचूप बंद केला. हे आडवे झाले. सुईबाईंनी ह्यांचं मनगट हातात घेतलं आणि म्हणाल्या, "सोडा. हात सैल सोडा."

हात लाकूड.

"सोडा हो. मागच्या वेळीही असंच केलंत. एवढ्या ताठ हातात सुई घातली की दुखते, मग तुम्ही काढणारच."

खांदे कानाला. बोटं अर्धी वळलेली. सुईबाईंनी दंड चोळला, श्वास मोजायला लावला, दिवा मंद केला. काही नाही. शेवटी त्यांनी सुयांचं पाकीट न फोडता परत ठेवलं. "आज राहू द्या मग," म्हणाल्या, "जबरदस्तीचं काम नाही हे."

मी खुर्चीतून बघत होते आणि आतून चरफडत होते. महिना सरत चालला होता, टेबल जाणार होतं आणि ह्या माणसाला साधा हात सोडता येत नव्हता! मी उठून काहीतरी तिखट बोलणारच होते, तेवढ्यात माझं ह्यांच्या बोटांकडे नीट लक्ष गेलं. ती मूठ नव्हती. चार बोटं खालून आणि अंगठा वरून. तक्त्याची कड धरतात तशी बोटं होती ती. दोन्ही हातांची.

आणि हे छताकडे बघत, स्वतःशीच, वैतागून पुटपुटले, "सोडा काय सोडा. टेकलं का पण?"

सुईबाईंना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "काय?"

मला कळलं. त्या दिवशी अर्धी काच हातात घेऊन हे उभे होते आणि विचारत होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. नंतर मी हसले, बोलले, वन्संना गोष्ट सांगितली, हजार शब्द बोलले असेन. तो एक शब्द कुणी बोललंच नव्हतं. उत्तर आल्याशिवाय सोडायचं नाही. ह्यांनी सोडलं नव्हतं.

मी खाटेजवळ गेले. म्हटलं, "टेकलं."

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"टेकलं हो," मी म्हटलं. "कधीचं टेकलंय. ही बघा मी, दोन पायांवर धडधाकट उभी आहे. टेकलं. सोडा आता."

ह्यांचे हात कागदावर पडले. धप्पकन. कागदाचा आवाज झाला. मग खांदे खाली आले, ते उतरताना मी डोळ्यांनी बघितले. मान उशीत गेली. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे चाललं होतं आणि ते पुसायलासुद्धा हात उचलला नाही.

सुईबाईंनी एक अक्षर विचारलं नाही. पाकीट फोडलं, केसासारखी सुई एका बारीक नळीत धरली आणि मनगटावर टिचकी मारली. हे म्हणाले, "लागली?" त्या म्हणाल्या, "लागली." बास. एकेक करून सगळ्या लागल्या. थोड्या वेळाने हे घोरायला लागले.

नवरा घोरतोय म्हणून आनंदाने रडणारी बायको जगात मी एकटीच असेन. एरवी ह्या घोरण्यावरून मी किती बोललेय! त्या दिवशी खुर्चीत बसून ऐकत होते आणि पदराने नाक पुसत होते. जीव भांड्यात पडणं म्हणतात ना, ते काय असतं मला तेव्हा समजलं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे बाई, सुयांनी काही केलंच नाही, तुमच्या शब्दाने केलं. मी म्हणते, तसं नाही हो. गोळ्यांनी झोप दिली नसती तर हे त्या खाटेपर्यंत आले नसते. त्या बोलायच्या ताईंनी तोंड उघडायला लावलं नसतं तर ते पुटपुटले नसते. आणि सुईबाईंनी "सोडा" म्हटलं नसतं तर ते उत्तर आलं नसतं. शिवाय पुढच्या प्रत्येक खेपेला मी काही टेकलं टेकलं करत बसले नाही, तरी सुया लागल्या की ह्यांची छाती संथ व्हायची, ते मी बघितलंय. कशाचा किती वाटा ते डॉक्टरांनी ठरवावं. मला माणूस परत मिळाल्याशी कारण.

अर्थात एका दिवसात सगळं गोड झालं असं नाही. मध्येच एकदा बाजारातून गर्दीला घाबरून, माझा दंड धरून हे मागे फिरले. कुलूप ओढून बघणं अजून आहे, पण आता एकदाच. दुकानात मात्र "लांब हो" तसंच होतं, आणि मी त्यावर बोलत नव्हते. माझ्यासाठी न बोलणं म्हणजे उपासच.

महिनाअखेरच्या आधीची खेप. हे सुया लावून पडलेले, मी खुर्चीत. सुईबाई निघणार तेवढ्यात हे म्हणाले, "ती काच बदला हो."

"कुठली?"

"खिडकीची. अर्धा तास समोर ती पट्टी. बघवत नाही."

"मग डोळे मिटा."

"मिटले तरी दिसते."

सुईबाई दारातून म्हणाल्या, "काचवाले तुम्ही आणि बदलायची मी? तुम्हीच बदला की."

हे गप्प झाले. परत येताना वाटभर गप्प. तसे ते नेहमीच असतात, पण गप्प बसण्याचेही प्रकार असतात, मला एवढ्या वर्षांत ओळखता येतात. हा मापं मोजणारा गप्प होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच टेप घेऊन कुठेतरी जाऊन आले. आल्यावर भिंतीला उभ्या काचांपाशी गेले, एक मोठा तक्ता निवडला आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवायला लागले. सगळी कड, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तडा आहे का बघत.

नेमका तेव्हाच सुतार आला, हातगाडी आणि दोन माणसं घेऊन. "टेबल न्यायला आलोय," म्हणाला.

हे वळले नाहीत. म्हणाले, "आज टेबल मोकळं नाही."

"मग उद्या?"

"उद्याही नाही."

सुतार माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला डोळ्यांनीच बस म्हटलं आणि थर्मासमधला चहा ओतून दिला. हे कडेच्या शेवटाला पोचले होते. परत पहिल्या कोपऱ्याकडे आले, बोट ठेवलं. आता परत सगळी तपासणार, दुसरी रेघ, मला वाटलं. बोट तिथेच थांबलं. मग ते त्यांनी उचललं, पँटला पुसलं आणि न वळता म्हणाले,

"धर."

माझे हातमोजे खणाच्या तळाशी गेले होते. सापडेनात. सापडले तर डावा उजव्यात जाईना. मी धरलं. आम्ही निघालो, आडवे आडवे. जिथे ती काच फुटली होती तिथली फरशी अजून ओरखडलेली आहे. तिच्यावरून गेलो. दोघांनीही खाली बघितलं नाही.

टेबल आलं. आम्ही वाकलो. तक्त्याच्या पलीकडून ह्यांचा चेहरा हिरवट दिसत होता आणि डोळे माझ्यावर होते.

"टेकलं का?"

"टेकलं!"

मी अशी ओरडले की सुताराच्या हातातला चहा सांडला आणि शेजारचा इस्त्रीवाला गरम इस्त्री हातात घेऊनच बाहेर आला. त्या एका दिवसाचं राहिलेलं उत्तर, सगळं व्याजासकट निघालं बहुतेक. हे म्हणाले, "हळू. काच फुटेल." आणि हात काढले.

मी मागे सरकले, पार काउंटरपर्यंत. सवयीने. ह्यांनी पट्टी लावली, कानावरची पेन्सिल शोधली, खूण केली, हिरा रॉकेलमध्ये बुडवला. नवं कापड फाडल्यासारखा तो लांब आवाज आला. मी दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिले. सुतारही का कोण जाणे, कप धरून थांबला होता.

दुसरा आवाज आला नाही.

ह्यांनी हिरा खाली ठेवला. काचेची कड धरली, आणि मग वर बघितलं, मी कुठे आहे ते. मी तिथे लांब उभी होते.

"एवढ्या लांब काय उभी राहिलीस?" हे म्हणाले. "ये की. दुसरी बाजू कोण धरणार?"